आधी कोठार, मग विठू

दर पावसाळ्यात हा वाद ठरल्यासारखा उगवतो. कुठल्यातरी वाडीत साप चावलेलं पोर आधी देवळात किंवा भगताकडे नेतात, दोन-तीन तास जातात आणि रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. मग एक बाजू म्हणते, देवावर भरवसा ठेवला की हे असं होतं. दुसरी म्हणते, आमच्या श्रद्धेला हात लावायचं काम नाही, आमच्या देवाच्या अंगाऱ्यानं कितीतरी जण उठून बसलेत. भांडण जोरात चालतं, पण दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट गृहीत धरलेली असते. देव म्हणजे एक उपचार. एकाच्या मते तो लागू पडतो, दुसऱ्याच्या मते पडत नाही. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. संकटात देवावर भरवसा ठेवणं शहाणपणाचं असू शकतं, पण तो उपायाच्या जागी जाऊन बसला की घात होतो. निकाल बघून त्याची किंमत ठरवायला गेलं तरीही घातच होतो. भरवशाचं काम वेगळं आहे. ते कोणतं, हे कळायला सापाच्याच उदाहरणात जरा खोल जावं लागेल.

अंगाऱ्यानं माणसं उठून बसतात, हा दावा खोटा नाही. माणसं खरोखर उठून बसतात. भारतातल्या सर्पदंशाच्या उपचार-पद्धतीत डॉक्टरांना शिकवलेला हिशेब असा आहे: चावणाऱ्या सापांपैकी साधारण ७० टक्के बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी निम्म्या वेळा तो विष सोडत नाही. म्हणजे शंभर दंशांमागे तीस विषारी सापांचे, आणि विष अंगात गेलेली माणसं पंधराच्या आसपास. उरलेल्या पंच्याऐंशींना अंगारा लावा, कडुनिंबाचा पाला खायला घाला नाहीतर ओसरीवर नुसतं बसवून ठेवा, ती जगणारच. भगताच्या खात्यावर हे पंच्याऐंशी यश म्हणून जमा होतात. पंधरांपैकी जे मरतात त्यांच्याबद्दल ‘उशीर केलात’, ‘सोवळं मोडलं’ असं म्हणून खातं कोरं ठेवता येतं. भगत लबाडच असतो असं नाही. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी शेकड्यानं माणसं बरी झालेली पाहिलेली असतात. त्याचा अनुभव खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकतो.

राहिलेल्या पंधरांचं काय होतं? मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात की बऱ्याचदा खूण सापडत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात कळा येतात. मग पापण्या उचलत नाहीत, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. चावल्याची खूण नाही, म्हणून घरचे ‘बाहेरचं काहीतरी आहे’ असं धरून चालतात, आणि कृत्रिम श्वासावर जो माणूस वाचला असता तो लिंबू उतरवून घेण्यात जातो. घोणस चावली तर रक्त गोठणं बंद होतं. ते पाहायची तपासणी ग्रामीण रुग्णालयातही होते: दोनेक मिलिलीटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष सुरू. पहिला डोस साधारण दहा कुप्या, सलाईनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. प्रतिविषाची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवावं लागतं. यातलं काहीच देवळाच्या पायरीवर होत नाही.

पण याच उपचार-पद्धतीत पहिली पायरी कोणती सांगितली आहे? प्रतिविष नाही, पट्टीही नाही. पहिली पायरी आहे रुग्णाला धीर देणं. दुसरी, चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा फळी बांधून स्थिर ठेवणं. तिसरी, रुग्णाला न चालवता थेट रुग्णालय गाठणं. चौथी, वाटेत दिसलेली लक्षणं डॉक्टरांना सांगणं. आवळून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, साप शोधत बसायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी आधी काढायची, कारण सूज चढली की ती रुततात. धीर पहिल्या जागी का? कारण घाबरलेला माणूस पळतो, हातपाय झाडतो, आणि स्नायूंच्या हालचालीनं विष लवकर पसरतं. शिवाय घाबरलेले नातेवाईक दोरी आवळतात, ब्लेड शोधतात. ओसरीत एक म्हातारी नातवाच्या पायाला बांबूची काठी लावून फाटक्या लुगड्याची पट्टी गुंडाळते आहे आणि तोंडानं ‘विठ्ठल विठ्ठल’ चालू आहे, एवढ्यात पोराचा काका मोटारसायकल काढतो. या दृश्यात वैज्ञानिक दृष्ट्या एकही चूक नाही. तिथे नामस्मरण नेमक्या जागी आहे: पहिल्या पायरीवर, आणि तिसऱ्या पायरीच्या आड न येता.

आता विरोधकांचं सगळ्यात वजनदार म्हणणं. प्रत्यक्षात श्रद्धा पहिल्या पायरीवर थांबते कुठे? ती ‘आधी देवाला विचारू’ म्हणते आणि दोन तास खाते. हे खरं आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बरेचसे मृत्यू रुग्णालयाबाहेरचे आहेत. सगळा दोष श्रद्धेचा नाही. रस्ता नसतो, गाडी नसते, आरोग्य केंद्रात कुपी नसते. पण हरवलेल्या तासांत देवऋषीपणाचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात काही हशील नाही.

म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याकडे नीट बघायला हवं. हा कायदा देवधर्माच्या विरोधात आहे, हा प्रचार अजून ऐकू येतो. प्रत्यक्षात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय पाच ते पन्नास हजार दंड. त्याच कायद्यात कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा, प्रदक्षिणा, घरची पूजाअर्चा, उपवास, नवस यांना स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. कायद्यानं रेघ कुठे मारली? देवाला हाक मारण्यावर नव्हे, ‘रोखून’ या शब्दावर. इतकी नेमकी रेघ टीव्हीवरच्या चर्चेत एकालाही मारता येऊ नये, याचं आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या बाजूचा भक्त इथे रागावेल. तो म्हणेल, तुम्ही देवाला धीर देणाऱ्या शेजाऱ्याच्या जागी आणून बसवलंत. आमचा देव मनात आणील ते करू शकतो. त्यावर आधी प्रयोगाची गोष्ट. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर झालेला प्रार्थनेचा मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात ५१ टक्के. आणि तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. हा तिसरा आकडा योगायोगाचा असू शकतो, असं अभ्यासकांनीच म्हटलं होतं. ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागतेय म्हणजे मी इतका आजारी आहे का’ या धास्तीनंही तो वाढला असेल. नास्तिकांनी यावरून टाळ्या पिटल्या, भाविकांनी अभ्यासच खोटा ठरवला. मला दोन्ही प्रतिक्रिया पोरकट वाटतात. मोजून, वाटून, ठरावीक नमुन्याची प्रार्थना केली की कमी गुंतागुंत होईल, असं कुठल्या संतानं सांगितलं होतं? देवाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायची हौस मुळात भक्तांचीच. हरले, एवढंच.

देव मनात आणील ते करतो असं मानणाऱ्यांच्याच घरात दामाजीपंतांची कथा आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशाहीचे अधिकारी. दुष्काळ पडला, माणसं दारात मरू लागली, आणि त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली. चहाडी झाली, बेड्या पडल्या, बिदरची वाट धरावी लागली. मग विठोबा विठू महाराच्या रूपानं दरबारात गेला आणि धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला. ही कथा आपण कीर्तनात विठूच्या बाजूनं ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी येतो. क्रम कोणी बघत नाही. कोठार आधी उघडलं. विठू नंतर आला. कोठार उघडताना दामाजींना कुठलाही दृष्टांत झालेला नव्हता, पैसे भरले जातील याची हमी नव्हती. पैसे भरले गेल्याचं त्यांना मागाहूनच कळलं. आधी विठ्ठलाचा कौल घेऊ आणि मग कुलूप काढू, असं ते म्हणाले असते तर ही कथाच झाली नसती, नुसते मृतदेह उरले असते. चमत्कार मानायचा तर माना, न मानायचा तर सोडून द्या. भरवशानं दामाजींकडून काय करवून घेतलं, हे दोन्ही वाचनांत तेच राहतं.

धर्माचा मानसशास्त्रीय अभ्यास करणारे केनेथ पार्गामेंट यांनी १९८८ मध्ये अडचणीतल्या भाविकांचे तीन प्रकार मांडले होते. ‘देवानं बुद्धी दिली, आता माझं मी बघतो’ म्हणणारे. ‘देवावर सोडलंय’ म्हणून हात जोडून बसणारे. आणि देवाला सोबत धरून स्वतः हातपाय हलवणारे. त्यांच्या पाहणीत दुसऱ्या प्रकारच्या माणसांची अडचण सोडवण्याची ताकद कमी दिसली, तिसऱ्यांची जास्त. आपल्याकडे हे सांगायला अमेरिकेतून कोणी यायला नको होतं, पण ‘देवावर सोडलं’ हे वाक्य दोन पूर्ण वेगळ्या माणसांच्या तोंडी असतं, हा फरक वादात कायम निसटतो. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करून, रक्ताच्या दोन बाटल्यांची सोय करून, मग जिन्यात बसून ‘आता तुझ्यावर’ म्हणणारा एक. तपासणीचा कागद महिनाभर उशीखाली ठेवून तेच म्हणणारा दुसरा. शब्द तेच. पहिल्याला रात्री दोन घटका झोप लागते आणि सकाळी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आठवतात. दुसऱ्याची गाठ वाढत राहते.

इथे बुद्धिवादी मित्र आणखी एक प्रश्न विचारतो, आणि तो चांगला आहे. काम धीर देण्याचंच असेल तर त्याला देव कशाला? समुपदेशक चालेल, दीर्घ श्वसन चालेल, चांगला मित्र चालेल. ज्याला ते पुरतं त्याला खुशाल पुरू दे. न मानणारी माणसं मरणासमोर डळमळतात असा दावा कोणी करू नये, तो उघडच खोटा आहे. पण पहाटे तीनला अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर समुपदेशक नसतो. आणि रक्तदाब उतरावा म्हणून प्रार्थना करणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण भरवसा हे तंत्र नव्हे, ते नातं आहे. १८९७ हे प्लेगचं वर्ष घ्या. १० जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. हाच माणूस पुढे १९१६ मध्ये सनातनी ज्यू धर्माचरणाची बाजू घेणारा लेख लिहितो. त्याच १८९७ मध्ये १० मार्चला पुण्यात सत्यशोधक सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. सत्यशोधकांना निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा देव, मान्य होता, त्याच्या आणि माणसाच्या मधला दलाल मान्य नव्हता. लस टोचून घेणारा श्रद्धावान आणि आजारी पोराला पाठीवर घेणारी सत्यशोधक: श्रद्धा आणि विज्ञान असे दोन रकाने आखून बसणाऱ्यांनी या दोघांना कुठल्या रकान्यात टाकायचं ते सांगावं.

खरी अवघड गोष्ट मात्र अजून बाजूलाच आहे. उपाय करूनही माणूस जातो तेव्हा काय? किंवा देवाच्याच दारात जातो तेव्हा? २५ जानेवारी २००५ला वाईजवळ मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसं मेली. नवस फेडायला आलेली माणसं. देवी होती तर तिनं वाचवलं का नाही? याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते सांगतात त्यांचं ऐकून मला बरं वाटत नाही. ‘देवीचा कोप’ हे एक उत्तर तेव्हाही कानावर येत होतं. प्रत्यक्षात फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, चढाची वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना दुकानं दाटलेली होती, मग आगीही लागल्या. कोप म्हटलं की नारळ, पायरी आणि दुकान तिन्ही सुटतात. १५ जानेवारी १९३४च्या बिहारच्या भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं लिहिलं, तेव्हा अस्पृश्यतेला तितकाच विरोध असलेल्या रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवलं की अविचाराला बळ मिळतं, हे त्यांचं म्हणणं. दोघेही ईश्वर मानणारे. गांधीजी चांगल्या कामासाठी घसरले असं म्हणता येईल, पण घसरलेच.

दुःखाचा अर्थ लावून देण्याची ही घाई घरातही असते. पोर गेलेल्या आईला ‘देवाला चांगली माणसं आवडतात’, कर्करोगाच्या रुग्णाला ‘गेल्या जन्मीचं भोगणं’, आणि नवस करूनही बरं न झालेल्याला ‘श्रद्धा कमी पडली’. हे शेवटचं तर क्रूरच. माणसाचा आजार त्याच्याकडेच ठेवून वर अपराध बांधून देणं आहे ते. देवानं आपल्याला टाकलं, शिक्षा केली, अशा विचारांत अडकलेल्या आजारी माणसांची प्रकृती अधिक ढासळते, असंही पार्गामेंट यांच्या नंतरच्या कामात दिसलं आहे. म्हणजे चुकीचा देव हातात दिला तर तो धीर तर देत नाहीच, उलट खच्ची करतो. हा मुद्दा विरोधकांनी मांडायला हवा होता; ते अंगाऱ्यातच अडकून पडले.

तुकोबांनी १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाबद्दल काय लिहिलं? ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ एवढंच, सरळ. लाज वाटली, जीव त्रासला, व्यवसायात तूट आली, हेही त्यांनी तितक्याच कोरडेपणानं नोंदवलं आहे. आणि लगेच पुढे येतं भंगलेलं देऊळ, ते दुरुस्त करावं असं मनात आलं, हे. ती बायको का मेली याचं स्पष्टीकरण मध्ये कुठेही नाही. देवाशी पुढे आयुष्यभर भांडण आहे, त्याला दिवाळखोर, निष्ठुर म्हणणं आहे, पण दुष्काळाचं समर्थन नाही. ज्याच्याशी इतकं भांडता येतं त्याच्यावर भरवसा असल्याशिवाय का कोणी भांडतो?

ही परंपरा नुसती कागदावर नाही, हे २०२० साली दिसलं. करोनामुळे पायी वारी नको असं ठरलं आणि संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या; १ जुलैची आषाढी लाखोंनी घरात बसून केली. शेकडो वर्षांचा नेम मोडला म्हणून संप्रदाय कोसळला नाही. त्याच वर्षी काही महिन्यांनी ‘मंदिरं उघडा’ म्हणून घंटानाद झाले, पत्रं लिहिली गेली, आणि १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, दारं उघडली. त्या मागणीत फुलवाल्यांच्या, नारळवाल्यांच्या, पुजाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न खरा होता आणि तो तसाच मांडला असता तर वजन पडलं असतं. तो श्रद्धेच्या नावावर मांडला गेला, जणू दार बंद असताना विठोबा रजेवर जातो.

तेव्हा गावपातळीवर करायचं काय? भगताला शत्रू करून भागणार नाही. लोक रात्री दोनला त्याचंच दार ठोठावतात, कारण ते उघडतं. त्याला एवढंच पटवायचं की मंत्र गाडीत बसूनही म्हणता येतो. हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनात दामाजींची कथा लावताना महाराजांनी पाच मिनिटं फळी कशी बांधायची ते दाखवावं, आणि मण्यार टाळायला खाटेवर किंवा मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून झोपा म्हणून सांगावं. देवस्थानाच्या पेटीतले काही पैसे रात्रीच्या गाडीच्या डिझेलसाठी बाजूला काढावेत. आणि सभामंडपाच्या भिंतीवर, देणगीदारांच्या नावांच्या वर, ठळक अक्षरांत लिहावं: रुग्णवाहिकेसाठी १०८, प्रतिविषाच्या कुप्या असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, कृत्रिम श्वासाचं यंत्र कुठे आहे, किती किलोमीटर, गावात रात्री गाडी कोणाची मिळेल. मिरगाच्या आधी दरवर्षी तो मजकूर तपासून पुन्हा रंगवावा लागेल, कारण गाड्या विकल्या जातात, फोन नंबर बदलतात आणि कुप्यांचा साठाही संपलेला असू शकतो.